हे लेकरू खारट कामून लागते?

माझ्या मायनं हे पहिल्यांदा विचारलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. पोरीला पायावर घेऊन तेल चोळत होती. सहज तिच्या कपाळाचा मुका घेतला, ओठावरून जीभ फिरवली आणि म्हणाली, "हे लेकरू खारट कामून लागते वं?"

बायको भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "आत्या, पाणीच खारं आहे ना आपल्या इथलं."

विषय तिथंच संपला, कारण आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. जमिनीखालचं पाणी खारं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या आतून पांढरा थर धरतो आणि उन्हाळ्यात वावरात ढेकळांवर पांढरी पापडी फुटते. प्यायला नळाचं येतं, तेही दिवसाआड. अशा गावात एखादं लेकरू खारट लागलं तर कोणाला नवल वाटणार?

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. लोकांचे दाखले काढून देतो, अर्ज भरून देतो. घरची सहा एकर कोरडवाहू. हे लिहितोय कारण पोरीच्या आजाराचं निदान होईपर्यंतच्या पाच-सहा महिन्यांत मी रात्र रात्र मोबाईलवर त्याबद्दल मराठीत काही सापडतं का म्हणून शोधत होतो. जे सापडलं ते एकतर घाबरवणारं होतं, नाहीतर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं.

पाण्याचा संशय बायकोनंच फेडून टाकला. तिनं आठ दिवस पोरीला आरओच्या कॅनच्या पाण्यानं आंघोळ घातली. कॅनला दहा रुपये, म्हणून मीच कुरकुरलो. आठव्या दिवशी तिनं पोरीचं काळं टोपडं माझ्यासमोर धरलं. कपाळाकडच्या काठाला पांढरी रेघ होती, वावरातल्या पापडीसारखी. नखानं खरवडली तर भुकटी पडली. मी जिभेला लावून पाहिली. मीठच.

तरी आम्ही दवाखान्यात गेलो नाही. खारट लागते म्हणून कोणी लेकरू डॉक्टरकडे नेतं का?

बाकीच्या गोष्टी होत्याच, पण त्या आम्ही वेगवेगळ्या खात्यात टाकल्या होत्या. खोकला जात नव्हता, तो धुळीच्या खात्यात. दिवसाला सात-आठ वेळा संडास, तेलकट, लंगोट धुताना पाण्यावर तवंग यायचा आणि वास असा की माय दार उघडून बसायची. ते दाताच्या खात्यात. जन्माला आली तेव्हा २ किलो ८०० ग्रॅम होती (ऑक्टोबर २०२३, दर्यापूर), सहाव्या महिन्यात अंगणवाडीच्या काट्यावर ४ किलो ९००. दूध तर भरपूर प्यायची. अंगणवाडीताईंनी तक्त्यावर बोट ठेवून दोनदा सांगितलं, "दादा, रेघ खाली चालली." आम्ही म्हणालो, आमच्या घरात सगळेच बारीक.

१० मे २०२४, आखाजीचा दिवस. पुरणाचा स्वयंपाक चालू होता. दुपारी पोरगी पाळण्यात निपचित पडलेली दिसली. डोळे अर्धे मिटलेले, मान टाकलेली, रडण्यात आवाज नाही. जवळच्या दवाखान्यात नेलं. "ऊन लागलं, गॅस्ट्रो आहे", असं निदान झालं, दोन दिवस सलाईन लावलं, ती टवटवीत झाली, घरी आलो. बिल ४,२००. रक्त तपासलं नाही. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही, मे महिन्यात त्यांच्या ओसरीवर अशी दहा लेकरं असतात. पण एक सांगतो, सलाईननं लेकरू दोन तासांत पालटलं तरी रक्तातल्या क्षारांची, म्हणजे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइडची तपासणी एकदा करायला लावाच. आमच्याकडे ४०० ते ६०० रुपये लागतात. तेव्हा केली असती तर पुढचं सतरा दिवस आधी कळलं असतं.

२७ मे. शेजारच्या अकोल्यात उन्हापायी कलेक्टरांनी १४४ कलम लावलं होतं, एवढा तो आठवडा तापलेला. पोरगी पुन्हा तशीच, या वेळी हातपाय थंड. भाड्याची गाडी करून थेट अमरावती गाठली. ५० किलोमीटरचे १,८०० घेतले. लहान लेकरांचा अतिदक्षता विभाग असलेल्या दवाखान्यात भरती केलं आणि रात्री साडेअकराला रक्ताचा रिपोर्ट आला. तो कागद मला पाठ आहे. सोडियम १२१ (१३५ च्या वर हवं), पोटॅशियम २.१ (साडेतीनच्या वर हवं), क्लोराइड ७४ (९८ च्या आसपास तरी हवं).

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "जुलाब किती झाले?"

"रोजच्याएवढेच."

"उलट्या?"

"एक. तीही काल."

त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मग एवढं मीठ गेलं कुठं?"

त्यांनी नंतर समजावलं. जुलाबानं लेकरू सुकतं तेव्हा रक्त सहसा आम्लाकडे झुकतं. हिचं उलटं होतं, अल्कलीकडे गेलेलं. जुलाब वाढले नाहीत, मीठ नाही आणि रक्त उलट्या बाजूला. गणित जुळत नव्हतं.

माय पडद्याबाहेर बसली होती. ती आत डोकावली आणि म्हणाली, "बाई, एक सांगू का? हे लेकरू खारट लागते."

मला लाज वाटली. दवाखान्यात काय हे गावठी बोलणं. पण मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजी, कधीपासून?" टोपड्याची गोष्ट बायकोनं सांगितली. संडासाचं विचारलं, वजनाचं विचारलं, खोकल्याचं विचारलं. आणि आम्ही वेगवेगळ्या खात्यात टाकलेलं सगळं त्यांनी पाच मिनिटांत एका कागदावर आणलं. खाली लिहिलं: घामातलं क्लोराइड तपासणे.

नऊ दिवस भरती होती. कागदपत्रांचं थोडं सांगतो, कारण इथं माझीच फजिती झाली. दवाखाना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत होता. आरोग्यमित्रानं केशरी रेशनकार्ड, त्याचा ऑनलाइन बारा अंकी नंबर, आधार आणि लेकराचा जन्मदाखला मागितला. दाखल्यावर पोरीचं नाव नव्हतं. बारसं झालं, गावजेवण झालं, नाव चढवायचं राहून गेलं. मी, जो गावातल्या शंभर लेकरांचे दाखले काढतो, त्याच्याच पोरीचा दाखला बिननावाचा. बरं, माझ्या लॉगिनमधून दुरुस्तीही होईना, कारण जन्म दर्यापूरच्या दवाखान्यातला, म्हणून नोंद नगरपरिषदेत. जिथं जन्म तिथं नोंद, राहतं गाव कोणतंही असो. वर्षाच्या आत नाव चढवायला फी नाही, फक्त अर्ज आणि आईबापाचे आधार. एक दिवस मोडला, मंजुरी तीन दिवस लांबली, मधली औषधं आम्ही रोखीनं आणली. ११,३०० रुपये. भरतीचा बाकी खर्च योजनेतून झाला. पुढच्या सगळ्या तपासण्या ओपीडीतल्या होत्या, त्या योजनेत बसल्या नाहीत.

घामाची तपासणी अमरावतीत होईना. नागपूरला एका ठिकाणी होते म्हणून नंबर मिळाला. तारीख १६ जुलैची मिळाली. आधी घेता आली असती, पण मॅडम म्हणाल्या की लेकरू सुकलेलं असताना, आजारी असताना ही तपासणी करायची नाही, आधी सावरू द्या. दीड महिना ती रोज मोजून दिलेलं मीठ-पाणी घेत सावरत होती. इकडे पेरणी झाली, डवरणी झाली.

१६ जुलै म्हणजे आषाढीचा आदला दिवस. डेपोतल्या निम्म्या गाड्या पंढरपूरला गेलेल्या. पहाटे दुचाकीवर तिघं मूर्तिजापूरला, तिथून रेल्वेनं नागपूर. फोनवर बाईंनी सांगितलं होतं, "उपाशीपोटी आणा." म्हणून पहाटे चारनंतर पोरीला पाजलं नव्हतं. नंबर लागला साडेअकराला. खोली एसीची, पोरगी भुकेनं रडून रडून थकलेली आणि थंडीनं आकसलेली. तपासणी झाली, २,५०० रुपये भरले आणि तासाभरानं कळलं की घाम कमी पडला. पंधरा मायक्रोलिटर लागतो, आला नऊ. पंधरा मायक्रोलिटर म्हणजे एका थेंबाचा तिसरा हिस्सा. तेवढाही नाही!

आयुष्यभर आम्ही घाम गाळणारी माणसं, आणि ज्या दिवशी विकत घ्यायला कोणी तयार होतं त्या दिवशी तो आला नाही. परतीच्या गाडीत मी हे बायकोला म्हटलं. ती हसली नाही.

नंतर मॅडमना फोन केला तर त्या चिडल्याच. उपाशी ठेवायचं कारणच नव्हतं. उलट पोटभर पाजून, पाणी देऊन, गरम कपड्यात न्यायचं असतं. तर ज्यांना जायचं आहे त्यांनी हे लक्षात ठेवा: लेकराला पाजत न्या, सुती-लोकरीचं काहीतरी गुंडाळायला न्या, त्या सकाळी हाताला तेल-पावडर-क्रीम काही लावू नका. घाम कमी पडला असा निरोप आला तर तो आजाराचा पुरावाही नाही आणि आजार नसल्याचाही नाही. पुन्हा करावीच लागते.

दुसरी तारीख पोळ्यानंतरची मिळाली, ४ सप्टेंबर. दरम्यान मूग निघाला. पावसानं निम्मा डागी झाला होता, जो बरा होता तो विकला. त्यातून हा खर्च निघाला. या वेळी पोरीला गाडीत दोनदा पाजलं आणि मायनं जबरदस्तीनं वाकळ दिली होती. नागपूरच्या त्या चकचकीत दवाखान्यात आम्ही लुगड्याच्या ठिगळांची वाकळ घेऊन बसलो होतो, लोक पाहत होते. तंत्रज्ञ मात्र म्हणाला, "हे मस्त आणलं, ओढून घ्या तिला."

आता तपासणी नेमकी कशी असते ते सांगतो, कारण "करंट लावतात" हे ऐकून बायकोची आदल्या रात्रीची झोप उडाली होती. सुई नाही, रक्त नाही. दोन्ही हातांची आतली बाजू शुद्ध पाण्यानं पुसून कोरडी केली. पायलोकार्पिन नावाच्या, घाम आणणाऱ्या औषधाच्या जेलच्या दोन गोल चकत्या पट्ट्यानं हाताला बांधल्या, त्यांना वायरी, वायरी एका छोट्या डबीला. पाच मिनिटं. करंट अगदी हलका, औषध कातडीत शिरावं एवढ्यापुरता. पोरगी सुरुवातीला किंचाळली, मग वायरीशी खेळायला लागली. चकत्या काढल्यावर तिथं रुपयाएवढा लाल डाग होता, तो संध्याकाळपर्यंत गेला. त्या डागावर एक प्लास्टिकचं घड्याळासारखं चक्र बांधलं. त्यात केसासारखी बारीक नळी चकलीसारखी गुंडाळलेली, आणि तोंडाशी निळा रंग. घाम आला की निळी रेघ नळीत पुढं सरकते.

अर्धा तास आम्ही दोघं ती रेघ पाहत होतो. पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग एक टिंब. मग टिंबाची रेघ. पहिलं वेटोळं भरलं. बायको वाकळीच्या आत हात घालून पोरीचं पोट चोळत होती आणि एकटक नळीकडे बघत होती, ओल्या काडीनं चूल पेटते की नाही ते पाहावं तसं. तिसऱ्या वेटोळ्यापर्यंत रेघ आली तेव्हा तंत्रज्ञ म्हणाला, "झालं. दोन्ही हातांचं भरपूर आहे." आम्ही खूश झालो. कशाबद्दल खूश झालो कोण जाणे.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मोबाईलवर आला. घामातलं क्लोराइड, उजवा हात १०४, डावा ९९. खाली छापलेलंच होतं: ३० च्या आत असेल तर आजाराची शक्यता कमी, ३० ते ५९ संशयाचं, ६० आणि वर असेल तर सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे जनुकातल्या दोषानं जन्मापासून असणारा आजार. मी तेव्हा ग्रामपंचायतीत होतो, समोर अर्ज भरायला आलेल्यांची रांग. मोबाईल उलटा ठेवला आणि अकरा जणांचे अर्ज भरले. मग घरी गेलो.

मॅडमकडे गेलो तेव्हा त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढून दिलं. ते मी जपून ठेवलंय. कातडीखाली घामाची ग्रंथी म्हणजे एक नळी. तळाशी जिलेबीसारखा गुंता, वर सरळ. घाम तळाच्या गुंत्यात तयार होतो तेव्हा तो जवळपास रक्तातल्या पाण्याएवढाच खारट असतो, तुमचाही आणि माझाही. पण वर येताना सरळ नळीच्या भिंतीतल्या पेशी त्यातलं मीठ परत ओढून घेतात, म्हणून बाहेर येणारा घाम पुष्कळ कमी खारट असतो. त्या पेशींना दारं असतात. सोडियमचं एक, त्याला एपिथेलियल सोडियम चॅनल म्हणतात, थोडक्यात ईनॅक. क्लोराइडचं दुसरं, त्याचं नाव सीएफटीआर. सोडियम आत आलं की पेशीच्या मागच्या अंगाला पंप असतो, तो त्याला रक्तात टाकतो. मीठ म्हणजे या दोघांची जोडी, एक धन, एक ऋण. जोडीतलं एक अडलं की दुसरंही अडतं. आमच्या पोरीत बिघडलं होतं ते क्लोराइडचं दार. पण घामाच्या नळीत सोडियमचं दारसुद्धा नीट उघडायला सीएफटीआर चालू लागतो. म्हणून दोन्ही दारं बंद, आणि सगळं मीठ टोपड्याच्या काठावर.

मी विचारलं, "मग मजूर उन्हात राबतात त्यांचं मीठ संपत नाही का?" त्या म्हणाल्या, उन्हाची सवय झाली की एक-दोन आठवड्यांत शरीर अल्डोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाच्या जोरावर सोडियमची दारं वाढवतं आणि घाम कमी खारट होतो. हे मला एकदम पटलं. उन्हाळवाहीच्या पहिल्या दिवसांत बनियन पाठीवर पांढरं होतं, पुढं तेवढं होत नाही. आमच्या पोरीचं शरीरही संप्रेरक सोडतच होतं. दार मात्र उघडत नव्हतं.

याच दाराचा बिघाड फुप्फुसात असला की कफ चिकट होतो, आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांत असला की पाचकरस आतड्यात पोचत नाही, म्हणून ते तेलकट संडास. एक दार, तीन खाती.

हा उलगडाही उन्हामुळेच झाला होता हे कळल्यावर मला कसंतरीच वाटलं. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा उन्हानं कोसळून दवाखान्यात आलेल्या लेकरांत या आजाराची लेकरं फार निघाली. त्यावरून डी सांत अॅग्नेस नावाच्या डॉक्टरांनी घाम तपासला आणि १९५३ मध्ये घामातल्या जास्त मिठाची गोष्ट मांडली. पायलोकार्पिन आणि करंटची पद्धत १९५९ ची. क्लोराइड अडतं हे १९८३ मध्ये पॉल क्विंटन यांनी घामाच्या नळ्यांवरच दाखवलं, आणि त्यांना स्वतःला हाच आजार. जनुक १९८९ मध्ये सापडलं. माझ्या मायला यातलं काही माहीत नव्हतं, तिनं फक्त मुका घेतला होता.

कुपोषित लेकरात कधी कधी घामातलं मीठ खोटं वाढलेलं दिसतं, आणि आमची पोरगी अंगणवाडीच्या तक्त्यात लाल रेघेवर होती. म्हणून जनुकाची तपासणी सांगितली. पोरीचे १८,००० आणि आमचे दोघांचे मिळून ६,०००. उसनवारी करावी लागली. त्याचबरोबर संडासातल्या इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडाच्या पाचकरसातल्या एका घटकाची तपासणी, ३,२००. ती २०० च्या वर हवी, आमची ४० आली. म्हणजे पाचकरस जवळपास नाहीच.

जनुकाचा रिपोर्ट २८ ऑक्टोबरला आला, दिवाळीच्या तोंडावर. एकच दोष, दोन्ही प्रतींवर. एक प्रत माझ्याकडून, एक बायकोकडून. आम्ही दोघं वाहक, आम्हाला स्वतःला काही त्रास नाही. प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता.

मॅडमनी विचारलं, "नात्यात लग्न आहे का?"

आहे. बायको माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाची पोरगी करायची रीतच आहे. हे लग्न जमवलं मायनं, भावाशी भांडून जमवलं. मॅडम सांगत होत्या की हा आजार नात्याबाहेरच्या लग्नातही होतो, नात्यात शक्यता वाढते एवढंच, दोष कोणाचाच नाही. माय ऐकत होती. घरी आल्यावर दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी फराळाचं पीठ मळता मळता म्हणाली, "माहा एक भाऊ होता. तुह्या मामाच्या पाठचा. वैशाखात गेला, सात महिन्याचा. ऊन लागलं म्हणत." मग थांबून म्हणाली, "माय म्हणे का त्याच्या अंगावर मीठ फुलत होतं."

मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, असू शकेल, नसूही शकेल, आता कसं सांगणार?

नोव्हेंबरपासून रोजचं काम असं. प्रत्येक खाण्याआधी पॅन्क्रिएटिनची, म्हणजे पाचकरसाची कॅप्सूल उघडून त्यातले बारीक दाणे शिजवलेल्या सफरचंदाच्या चमचाभर गरात घालून द्यायचे. दुधात घालायचे नाहीत, चावू द्यायचे नाहीत. नंतर हिरड्यांवरून बोट फिरवायचं, दाणा अडकला तर तोंड येतं. हे आम्हाला तोंड आल्यावर कळलं. सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर मशीननं ३ टक्के मिठाच्या पाण्याची वाफ, त्यानंतर पाठ-छाती थोपटणं. ज्या पोरीचं मीठ वाहून जातं तिला औषध म्हणून मीठच, वरून खायलाही आणि हुंगायलाही. वाफेचं मशीन २,२०० चं, कॅप्सूलचा महिन्याचा खर्च साडेतीन-चार हजार, जीवनसत्त्वांचे थेंब वेगळे. लाईट गेली की वाफ राहते, म्हणून जुना इन्व्हर्टर घेतला. मिठाचं माप वयावर आणि वजनावर बदलतं, ते आमचं पाहून ठरवू नका, तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. दार दुरुस्त करणाऱ्या गोळ्याही निघाल्यात, अमेरिकेत पहिलीला २०१२ मध्ये मंजुरी मिळाली, तीन औषधांची एकत्र २०१९ मध्ये. त्यांच्या किमती पाहून मी मोबाईल ठेवून दिला. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये आलं, त्याखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे. तिथं नोंदणीसाठी फाईल तयार करतोय. एक सवय लागली ती चांगली: प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स आणि एक फोटो, तारखेच्या नावानं.

वजन जानेवारीत साडेसात, मार्चमध्ये ८ किलो २००. अंगणवाडीताईंनी पिवळ्या रेघेवर टिंब टेकवलं आणि मला पेन दिलं, "दादा, तुम्हीच काढा."

२०२५ च्या उन्हाळ्याची धास्ती होती. एप्रिलच जास्त तापला. दहानंतर पोरीला घराबाहेर काढलं नाही, दर पंधरा दिवसांनी सोडियम-पोटॅशियम तपासलं. एकदा सोडियम १३० वर आलं. त्याच्या आदल्या सकाळीच माय म्हणाली होती, "आज लय खारट आहे." मॅडमना फोन केला, मिठाचं माप वाढवलं, भरती करावं लागलं नाही. नवतपा तर त्या वर्षी पावसातच गेला.

गेल्या आठवड्यात माझ्या साळ्याचं साक्षगंध ठरलं. मुलगी नात्यातलीच. मी सासुरवाडीला गेलो तेव्हा आमच्या दोघांच्या जनुकाच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत नेली. दोष आधीच माहीत असला की वाहक आहे का एवढंच पाहायला एका माणसाला तीन हजार लागतात, हेही सांगितलं. त्यानं कागद वाचला, चौघडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि कपाशीच्या भावाचं विचारलं.